पंगतीतून उठलेली माणसं

लेकीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हाची गोष्ट. तिच्या गावात एक जुनं दगडी चर्च आहे. भोवती कललेल्या थडग्यांचं आवार, आणि आत शिरलं की ओल्या लोकरी कोटांचा, मेणाचा आणि दमट पुस्तकांचा मिसळलेला वास. बाकांखाली गुडघे टेकायला भरतकामाच्या उश्या, गावातल्याच बायकांनी केलेल्या. एकीवर घुबड, एकीवर गव्हाच्या ओंब्या. पाळक बाई होत्या. पन्नाशीच्या, आवाज जरासा बसलेला. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याची, वेळ झाली तशी माणसं एकेका बाकातून उठून वेदीपुढच्या कठड्याशी जाऊ लागली. आमच्या बाकाच्या टोकाला एक वृद्ध गृहस्थ होते. ते उठले, बाहेर सरून आम्हाला वाट करून दिली आणि परत आपल्या जागी बसले. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. परत येताना पाहिलं तर डोळे मिटलेले, हात मांडीवर, ओठ हलत होते. उपासना संपल्यावर चर्चच्या मागच्या बाजूला चहा होता आणि चहाच्या टेबलाशी तेच उभे होते, सगळ्यांना कप भरून देत. पाळकबाई आल्या, तेव्हा त्या गृहस्थांनी न विचारता बिनसाखरेचा चहा बाईंच्या हातात दिला, बशीत बिस्कीट ठेवलं, काहीतरी बोलले आणि दोघंही मोकळं हसली. गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "आई, ते बाईंच्या हातून प्रभुभोजन घेत नाहीत गं. एक निवृत्त पाळक अधूनमधून येतात, त्या रविवारी घेतात."

चहा चालतो, भाकर चालत नाही.

ते माझ्या मनातून जाईना. माझं सासर पुण्याचं, गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाच्या उंच मनोऱ्याजवळचं. पंचहौद मिशनच्या चहाची गोष्ट मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. १८९० साली टिळक, रानडे आणि पुण्यातली बरीच प्रतिष्ठित माणसं तिथे गेली, समोर चहा-बिस्किटं आली, कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं भांडण, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढे घेतलं आणि ते त्यांच्या माणसांना फार लागलं. इतिहासात ही गोष्ट येते ती चहा पिणाऱ्यांची. सासूबाईंच्या घरात ती चहा देणाऱ्यांच्या बाजूने सांगितली जाई. आपण मायेने पुढे केलेला कप घेतला म्हणून समोरच्याला शुद्ध व्हावं लागतं, हे ज्याने कप पुढे केला त्याला कसं वाटलं असेल, असं त्या विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता कामाला लागायच्या. ते मिशन अँग्लिकन होतं, इंग्लंडच्या चर्चचं. त्याच चर्चच्या लेकरांनी पुढे एकमेकांच्या हातची भाकर नाकारायला सुरुवात केली. हे मी पेपरांत, बातम्यांत इतकी वर्षं वाचत आले होते, पण माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, एका सभ्य म्हाताऱ्या माणसाच्या रूपात ते त्या दिवशी पहिल्यांदा बसलेलं पाहिलं.

माझं माहेर नगरचं. नगरला दोन मिशनं होती. एक अमेरिकन मराठी मिशन, १८३१ पासूनचं, आणि दुसरं नंतर आलेलं एसपीजी, म्हणजे अँग्लिकन. आजोबा पहिल्यातले, आजी दुसऱ्यातली. आजोबांच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पाळकांवरचा बिशप नाही, कठडा नाही. लोक बाकावर बसलेलेच असत आणि तबकं फिरत, त्यात बोटभर उंचीचे काचेचे प्याले, ज्याचा त्याला वेगळा. आजीकडे सगळ्यांनी गुडघे टेकायचे, एकाच चांदीच्या प्याल्याला ओठ लावायचे, पाळकाने शुभ्र फडक्याने कड पुसून तो पुढच्याला द्यायचा. लग्नानंतर आजी आजोबांच्या देवळात जाऊ लागली. पण नाताळला आणि ईस्टरला ती टांगा करून आपल्या देवळात जायची. "तिथे प्याला एकच असतो," एवढंच म्हणायची. यावर आजोबा काही बोलत नसत. टांग्याचे पैसे मात्र तेच देत.

आठव्या हेन्रीची लग्नं सगळ्यांना ठाऊक असतात. पण अँग्लिकन चर्च खरं कशावर उभं राहिलं असं मला कोणी विचारलं, तर मी १५५९ सालाकडे बोट दाखवीन. आधी १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात पाळक भाकर देताना म्हणे की हे तुझ्यासाठी दिलेलं प्रभूचं शरीर आहे. १५५२ मध्ये ते वाक्य काढलं आणि त्याजागी आलं की ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याची आठवण ठेवून हे घे आणि खा. पहिल्या वाक्यात ती भाकर म्हणजे साक्षात ख्रिस्त, दुसऱ्यात ती त्याची आठवण. या फरकापायी त्या देशात माणसं जिवंत जाळली गेली. मग पहिली एलिझाबेथ गादीवर आली आणि १५५९ च्या पुस्तकात ही दोन्ही वाक्यं एकापुढे एक ठेवली गेली. पाळकाने दोन्ही म्हणायची. गुडघे टेकलेल्या दोघांपैकी एकाने पहिलं मनात धरावं, दुसऱ्याने दुसरं, हात मात्र दोघांनीही पुढे करावेत. धर्मशास्त्राच्या विद्वानांना यात राजकारण दिसतं, आणि राजकारण त्यात होतंच. मला त्यात करुणाही दिसते. आधी एकमत होऊ द्या आणि मग जेवायला बसा, असं या चर्चने निदान आपल्या घरात तरी म्हटलं नव्हतं. त्याच उपासनेत एक प्रार्थना आहे, जी आजी तोंडपाठ म्हणायची: प्रभू, तुझ्या मेजाखाली पडलेला चुरा वेचायचीही आमची योग्यता नाही. आपलीच योग्यता नाही असं म्हणून गुडघे टेकणाऱ्या माणसाने शेजाऱ्याची योग्यता कशी तपासावी, हे मला लहानपणी कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

बायकांना पाळकपदाची दीक्षा देण्याचा वाद पुस्तकात वाचला तर बायबलच्या वचनांचा आणि परंपरेचा वाटतो. त्याची सुरुवात मात्र भुकेतून झाली. १९४४ चा जानेवारी. हाँगकाँग जपानी फौजांच्या ताब्यात, शेजारचं मकाऊ निर्वासितांनी भरलेलं, आणि तिथल्या मंडळीला प्रभुभोजन द्यायला एकही पुरुष पाळक पोहोचू शकत नव्हता. फ्लॉरेन्स ली टिम-ओई नावाच्या बाई तिथे सेवा करत होत्या, मेलेल्यांना पुरत होत्या, भुकेल्यांना तांदूळ मिळवून देत होत्या. बिशप रोनल्ड हॉल यांनी त्यांना पाळकपदाची दीक्षा दिली. युद्ध संपल्यावर कँटरबरीहून, म्हणजे अँग्लिकनांच्या प्रमुख आर्चबिशपांकडून, आणि इतर बिशपांकडून इतका दबाव आला, की १९४६ मध्ये त्या बाईंनी स्वतःहून पाळकपणाचा परवाना खाली ठेवला, बिशपांवर संकट नको म्हणून. इंग्लंडच्या सिनडने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, बायकांना पाळक व्हायला संमती दिली ती ११ नोव्हेंबर १९९२ रोजी. १२ मार्च १९९४ ला ब्रिस्टलच्या कॅथेड्रलमध्ये पहिल्या ३२ जणींना दीक्षा मिळाली. बिशपपदाचा ठराव २०१२ मध्ये सामान्य सभासदांच्या सभागृहात सहा मतांनी पडला, २०१४ मध्ये मंजूर झाला. दक्षिण भारताच्या चर्चने पुष्पा ललिता यांना नंद्यालचं बिशपपद दिलं ते २०१३ मध्येच, इंग्लंडच्या आधी. हे सांगताना मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये १९९३ मध्ये एक व्यवस्था झाली. एखाद्या मंडळीला बाईंना दीक्षा देणारा बिशप नको असेल, तर तिच्यासाठी वेगळा बिशप, गावोगाव फिरणारा. लोक त्यांना 'उडते बिशप' म्हणू लागले. कोणालाही चर्च सोडून जावं लागू नये, हा त्यामागचा हेतू. काही गेलेच, रोमकडे गेले, म्हणजे कॅथलिक झाले. पण हजारो राहिले. एकाच छपराखाली, दोन पंगतींत.

पुढच्या रविवारी मी त्या गृहस्थांशेजारी मुद्दाम उभी राहिले. कप पुसायला मदत करता करता बोलणं निघालं आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं. बायकोला जाऊन काही वर्षं झाली होती, आवारातच तिची माती आहे. शेवटच्या आजारपणात याच पाळकबाई रात्री-अपरात्री येऊन बसत. दफनविधीही त्यांनीच केला आणि तो इतका चांगला दुसऱ्या कोणी केला नसता, असं ते म्हणाले. "पण वेदीपाशी उभं राहून त्या जे करतात, ते त्यांच्या हातून घडतं असा माझा विश्वास नाही. विश्वास नसताना जाऊन गुडघे टेकणं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं. त्यांच्यासमोरही." हे बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, हातातल्या कपाकडे पाहत होते. दुसऱ्या मंडळीत का जात नाही, असं मी विचारलं. "ती इथे आहे ना," म्हणाले आणि खिडकीबाहेर मान वळवली. यावर मी काय बोलणार होते? त्यांच्या म्हणण्यातली एक ओळही मला पटत नाही. त्यांच्यात मला द्वेषाचा लवलेशही दिसला नाही. आणि तरीही, दर रविवारी त्या बाई भाकर घेऊन कठड्यामागे उभ्या राहतात आणि एक माणूस बसून राहतो, हे त्यांना दिसत असतंच.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण होते. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. पुण्यात पंचहौदला काम करणाऱ्या भगिनी याच मठाच्या. रमाबाई अँग्लिकन झाल्या आणि लगेच वाद सुरू झाले. त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे तत्त्व त्यांना शास्त्रात सापडेना. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. अंडं घातलेलं गोड त्या खात नसत आणि मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा ताठा दिसे. पुरुषांना शिकवण्याचा बेत निघाला तेव्हा मुंबईचे आणि लाहोरचे बिशप आडवे आले, हिंदुस्थानात याचा वाईट परिणाम होईल म्हणून. रमाबाईंनी लिहिलेली उत्तरं आज वाचताना अंगावर काटा येतो. मोठ्या कष्टाने मी हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मानेवरून काढलं, आता तसंच दुसरं जोखड घालून घ्यायची माझी तयारी नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट कळवलं. एकटी बाई, परका देश, कडेवर लहान मनोरमा, राहायची जागाही मठाचीच, आणि तरीही. तिकडच्या मेजावर त्या जेवल्या, पण समोर येईल ते सगळं गिळलं नाही. अँग्लिकन चर्चमधल्या आजच्या वादांचा इतिहास सांगताना कोणी रमाबाईंचं नाव घेत नाही. सगळे प्रश्न मात्र तेच आहेत: शास्त्र कोण वाचणार, अर्थ कोण ठरवणार, आणि दूर कुठेतरी बसलेल्या बिशपाचं ऐकायचं का.

समलिंगी माणसांचा वाद याहून खोल गेला. १९९८ मध्ये कँटरबरीला लॅम्बेथ परिषद भरली, जगभरचे अँग्लिकन बिशप साधारण दर दहा वर्षांनी जमतात ती. तिथे ५२६ विरुद्ध ७० मतांनी ठराव झाला की समलिंगी संबंध पवित्र शास्त्राशी विसंगत आहेत. त्याच ठरावात या माणसांचे अनुभव आपण ऐकून घेऊ असंही वचन होतं. मतदानाच्या दिवशी सभागृहाबाहेर नायजेरियाच्या एका बिशपांनी एका समलिंगी ख्रिस्ती कार्यकर्त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्यातलं भूत काढायचा प्रयत्न केला. कॅमेरे चालू होते. पाच वर्षांनी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरने जीन रॉबिन्सन यांना बिशप निवडलं. ते पुरुष जोडीदारासोबत उघडपणे राहणारे. जिवाच्या धमक्या आल्यामुळे दीक्षेच्या दिवशी त्यांनी झग्याच्या आत गोळी न भेदणारं जाकीट घातलं होतं. २००७ च्या फेब्रुवारीत जगभरचे मुख्य बिशप टांझानियात जमले, तेव्हा सात जणांनी जाहीर केलं की अमेरिकेच्या मुख्य बिशप कॅथरीन जेफर्ट्स शोरी ज्या मेजाशी आहेत तिथे आम्ही प्रभुभोजन घेणार नाही. त्या रविवारी झांजिबारच्या कॅथेड्रलमध्ये उपासना होती. ते कॅथेड्रल गुलामांच्या जुन्या बाजाराच्या जागेवर उभं आहे. जिथे गुलामांना बांधून फटके मारत, तिथेच आज वेदी आहे असं सांगतात. इतक्या माणसांच्या रक्ताच्या जागेवर मांडलेली भाकर, आणि तरी तिच्याभोवती ते सगळे एकत्र येऊ शकले नाहीत.

या सातांना मागासलेले म्हणून सोडून देणं सोपं आहे आणि लंडन-न्यूयॉर्कमध्ये पुष्कळांनी तेच केलं. मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांच्यातल्या युगांडाच्या चर्चची पहिली आठवण म्हणजे १८८६. राजा म्वांगाच्या दरबारातली पोरं, अँग्लिकन आणि कॅथलिक दोन्ही, नामुगोंगोला जिवंत जाळली गेली. ती मेली विश्वासापायी आणि राजाच्या वासनेला नकार दिला म्हणून, असं तिथली आई मुलाला सांगते. ३ जूनला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. ज्यांची मंडळी या राखेतून उगवली त्यांना समलिंगी संबंध म्हटलं की आधी तो राजा दिसतो. दोन माणसांच्या राजीखुशीच्या प्रेमात आणि राजाच्या जबरदस्तीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी म्हणेन. पण ते ऐकायला समोरचा माणूस मेजाशी बसलेला हवा. शिवाय ज्या गोऱ्या मिशनऱ्यांनी आफ्रिकेला बायबलचं अक्षर न् अक्षर पाळायला शिकवलं, त्यांचीच नातवंडं आता येऊन म्हणतात की ते अक्षर तसं घ्यायचं नसतं. हा अपमान मला कळतो. आपल्याकडच्या मिशनच्या इतिहासात त्याचे पुष्कळ नमुने आहेत.

आणि तरीही ज्याला उठवून लावलं जातं त्याच्याकडे पाहिलं की माझं मन एका बाजूला जातं. डेझमंड टुटूंची मुलगी म्फो स्वतः पाळक होती. तिने एका बाईशी लग्न केलं आणि २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तिला परवाना परत द्यावा लागला. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या एका खेड्यात तिच्या धर्मपित्याचा दफनविधी होता आणि त्याचीच इच्छा होती की तो तिने करावा. तिथल्या डायसिसने, म्हणजे बिशपाच्या कचेरीने, परवानगी नाकारली. मग कुटुंबाने शेजारच्या बागेत मांडव घातला आणि विधी तिथे झाला. ज्या बापाने वर्णभेदी सरकारपुढे मान वाकवली नाही, त्याची लेक देवळाच्या बाहेर, मांडवात.

भांडण इमारतींपर्यंतही गेलं. व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टन ज्या मंडळीचे पंच होते ती फॉल्स चर्चची मंडळी २००६ मध्ये फुटून निघाली, वर्षानुवर्षं खटला चालला, आणि २०१२ मध्ये फुटून निघालेल्या मोठ्या गटाला ते देऊळ सोडावं लागलं. देवळाच्या जमिनीवरून कोर्टात जाणं आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना कोणी शिकवायला नको. ते इथेच सोडते.

आम्ही शिकवू शकतो अशी गोष्ट दुसरी आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारताचं चर्च उभं राहिलं. सहा मंडळ्या एक झाल्या: अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट. म्हणजे आजीचं चर्च आणि आजोबांचं चर्च कागदावर एक झालं, त्यांचं लग्न होऊन कितीतरी वर्षं लोटल्यावर. यांच्यातले मतभेद किरकोळ नव्हते. कोणी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, कोणी मोठ्या माणसालाच. दोन्ही राहू दिलं. कोणाला बिशप देवाने नेमलेला वाटे, कोणाला बिशप ही गोष्टच बायबलबाहेरची वाटे. त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि या हात ठेवण्याने नेमकं काय घडलं ते देवावर सोपवलं. त्याआधी १९४७ मध्ये दक्षिण भारताचं चर्च झालं तेव्हा जुन्या पाळकांना नव्याने दीक्षा घ्यायला लावली नाही, म्हणून इंग्लंडमध्ये गदारोळ झाला होता. १९४८ च्या लॅम्बेथ परिषदेने त्या चर्चला पूर्ण सहभागिता, म्हणजे एकमेकांच्या मेजाशी बरोबरीने बसायची मुभा, दिली नाही. पुढे काही इंग्रज पाळक या कारणाने रोमला गेले. आपली माणसं मात्र आधी मेजाभोवती बसली आणि वाद नंतर मिटवत राहिली, काही अजून मिटलेले नाहीत. माझं म्हणणं विचाराल तर एवढंच आहे की क्रम हाच असावा. आधी बसा. एकत्र बसलेल्यांची मतं कधीकधी बदलतात. उठून गेलेल्यांची बदललेली मी पाहिली नाहीत.

३ ऑक्टोबर २०२५ ला कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. या जागेवर पहिल्यांदाच बाई. त्याआधीचे जस्टिन वेल्बी एका अत्याचाराच्या प्रकरणात चर्चने केलेल्या हयगयीमुळे पायउतार झाले होते. मुलाली मूळच्या नर्स, इंग्लंडच्या मुख्य परिचारिका होत्या. नगरच्या मिशन हॉस्पिटलात आयुष्य घालवलेल्या माझ्या आत्याला ही बातमी फोनवर वाचून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. नर्सला माणूस घाणीतही उचलता येतो." दोन आठवड्यांत, १६ ऑक्टोबरला, गाफकॉनचं पत्र निघालं. २००८ मध्ये जेरुसलेमला सुरू झालेली ही पुराणमतवादी अँग्लिकनांची चळवळ. रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांनी त्यात कळवलं की खरी जागतिक अँग्लिकन सहभागिता आता आम्ही आहोत. कँटरबरीने बोलावलेल्या सभांना आमच्या चर्चने जायचं नाही आणि तिकडे पैसेही द्यायचे नाहीत. पत्र मी दोनदा वाचलं. त्यात शास्त्राबद्दलची कळकळ खरी आहे. पण शेवटी उरतं ते ग्रामण्यच, आणि त्याचा वास पुण्याच्या माणसाला लगेच येतो.

या सगळ्यात एक जुना धागा आहे, जो मला सर्वांत जास्त छळतो. पहिली लॅम्बेथ परिषद १८६७ मध्ये भरली, त्याला मोठं कारण झाले दक्षिण आफ्रिकेतल्या नातालचे बिशप कोलेन्सो. बायबलमधल्या मोझेसच्या ग्रंथांबद्दल त्यांनी शंका काढल्या म्हणून त्यांना पदावरून काढायचा खटाटोप झाला. पण कोलेन्सोंचं आणखी एक म्हणणं होतं. झुलू माणूस ख्रिस्ती व्हायला आला आणि त्याला दोन-तीन बायका असल्या, तर एक ठेवून बाकीच्यांना हाकलायला लावू नका. ते तेव्हा फारसं कोणाला पटलं नाही. १८८८ च्या परिषदेने ठरवलं की अनेक बायका असलेल्याला बाप्तिस्मा द्यायचा नाही. मग माणसं बायका सोडून बाप्तिस्म्याला येऊ लागली. १९८८ च्या परिषदेने नियम बदलला: अशा माणसाला बायकामुलांसह बाप्तिस्मा द्यावा, त्याने पुढे नवं लग्न करू नये, आणि असलेल्या बायकांना सोडायची सक्ती करू नये, कारण त्यांचे हाल होतील. बायकांचे हाल होतील हे कळायला बरोबर शंभर वर्षं लागली. मधल्या काळात ज्या बायका पोरं कडेवर घेऊन घराबाहेर पडल्या, त्यांचा उल्लेख मला कुठल्या ठरावात सापडला नाही.

म्हणून आमच्या मंडळीतली शांतता मला बरी वाटत नाही. आमच्याकडे समलिंगी माणसांच्या विषयावर फूट नाही, मतदान नाही, पत्रं नाहीत, कारण कोणी बोलतच नाही. तबल्यावर साथ करणारा एक गुणी मुलगा काही वर्षांपूर्वी यायचा थांबला. का, ते सगळ्यांना अंदाजाने माहीत होतं आणि कोणीही विचारायला गेलं नाही. त्याला कठड्याशी कोणी नाकारलं नाही. त्याने हात पुढे करायच्या आधीच तो निघून गेला. इंग्लंडच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी निदान पाळकबाईंना तोंडावर सांगितलं होतं आणि त्यानंतरही तिथेच बसून राहिले होते. नगरला परतल्यावर मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीला लिहून दिलं की एका रविवारी उपासनेनंतर चहाला थांबून यावर बोलावं, बायबल समोर उघडं ठेवून, ज्याला जे वाटतं ते त्याने म्हणावं. दोघांनी विरोध केला. एकाने मला घरी येऊन समजावलं की हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. पाळकसाहेब म्हणाले, बघू. मी त्या मुलाच्या आईला भेटून आले आहे, आणि पुढच्या सभेत तोच अर्ज पुन्हा देणार आहे.